दहाच्या आत माणसं म्हणजे कायदा माफ? असं कुठंय!

आमच्या भोसरीच्या वर्कशॉपवाल्यांमध्ये परत तो मेसेज फिरतोय, "दहापेक्षा कमी कामगार असतील तर एकही कामगार कायदा लागत नाही, पगार-ओटी (ओव्हरटाईम)-हिशोब सगळं मालकाच्या मर्जीवर". माझ्याकडे सहा पोरं आहेत, म्हणजे मेसेज माझ्या फायद्याचाच, पण खोटाय.

हा दहाचा आकडा बहुतेक २०१७ च्या शॉप ॲक्टमधून उचललाय. त्यात दहाच्या आत माणसं असतील तर रजिस्ट्रेशन नको, नुसती ऑनलाईन सूचना द्या असं होतं. लोकांनी त्याचं सगळंच माफ करून टाकलं.

पगाराचं म्हणाल तर १९४८ च्या किमान वेतन कायद्यात दुकानात माणसं किती अशी अटच नव्हती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या वेतन संहितेतही नाही, एक पोरगा ठेवला तरी किमान वेतन द्यायचंच. ओटी डबल रेटने. चहा-वडापाव दिला म्हणजे ओटी दिला असं नाही होत भाऊ.

अर्धं खरं एवढंच की पीएफ आणि बोनसला २० माणसं लागतात, ग्रॅच्युइटीला १०. पण ग्रॅच्युइटी एकदा लागली की नंतर माणसं कमी केली तरी सुटत नाही, त्यामुळे बायकोच्या नावाने दुसरी फर्म काढून निम्मी पोरं तिकडे दाखवणाऱ्यांनी (आहेत आपल्यातच, हसू नका) जरा जपून.

आता मला खरी चीड आली तो मुद्दा, "प्रेस मशीनवर बोट गेलं तर ती त्याची चूक, दवाखाना केला की विषय संपला". अहो १९२३ पासून भरपाईचा कायदा होता, आता तेच सामाजिक सुरक्षा संहितेत आलंय, लाईटवर मशीन चालतं ना, मग माणसं दोन असोत की दोनशे, भरपाई लागतेच. कुठलं बोट गेलं तर कमाईची ताकद किती टक्के गेली याचा तक्ताच आहे त्यात, अंगठा ३०, तर्जनी १४. नुसता निष्काळजीपणा झाला म्हणून मालक सुटत नाही, दारू पिऊन आला होता किंवा मशीनचा गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून असलेलं कव्हर) त्याने मुद्दाम काढला होता असं सिद्ध करावं लागतं, आणि माणूस दगावला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला तर तेवढंही चालत नाही. आणि गार्ड काढायला बऱ्याचदा कोण सांगतं, पीस जास्त निघावेत म्हणून, हे आपल्याला माहितीय.

शेवटचं, "उचल घेतलेल्याला हिशोब मागायचा हक्क नाही". उचल कापा की, पण एका महिन्यात निम्म्याच्या वर पगार कापता येत नाही, आणि काम सोडलं की दोन कामाच्या दिवसांत राहिलेले पैसे त्याच्या हातात पडले पाहिजेत, "दिवाळीनंतर ये" चालत नाही.