रायगडावर घसरलेल्या जोड्यांबाबतच्या अभिप्रायास आमचे उत्तर

आदरणीय ग्राहक, सप्रेम नमस्कार.

६ जूनच्या शिवराज्याभिषेक सोहळ्यासाठी, सरदाराच्या पोशाखावर घालायला आमच्याकडून घेतलेले जोडे चित दरवाज्याकडच्या ओल्या पायऱ्यांवर घसरले, भिजल्यावर कडक झाले आणि डावा-उजवा एकसारखाच निघाला, असे आपण लिहिले आहे. आपल्या गुडघ्याला लागले, याचे फार वाईट वाटले.

घसरण्याचा दोष आमचाच आहे. जोडे मंचावर घालणार की पावसात गड चढणार, हे मागणी घेतानाच विचारायला हवे होते. १६७४ सालच्या पोशाखाला रबरी तळ शोभत नाही, कारण टिकाऊ रबर १९व्या शतकाच्या मध्यापर्यंत आलेच नव्हते; म्हणून आम्ही निव्वळ कातडी तळ देतो, आणि तो ओल्या कातळावर पकड धरत नाही. यापुढे चढणाऱ्यांच्या जोड्याला बाहेरून दिसणार नाही असा पातळ रबरी थर लावून देऊ. तरीही माझे प्रामाणिक मत असे की, गड नेहमीच्या बुटांनी चढावा आणि जोडे वर गेल्यावर घालावेत.

दोन्ही पाय एकसारखे असणे ही मात्र चूक नाही. जुन्या पद्धतीच्या मोजडीत डावा-उजवा भेद नसतो. चार-आठ दिवस घरात वापरली की ती ज्या-त्या पायाचा आकार घेते. वेगवेगळे साचे वापरणे आम्हाला सोपे गेले असते, पण मग तो त्या काळचा जोडा राहिला नसता.

आपण परत पाठवलेला जोडा आत्ता माझ्यासमोर आहे. टाचेची शिवण शाबूत आहे. चवड्यावर मात्र कातडे आखडून दोन बोटे लांबीची चीर गेली आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कातडे भिजल्यावर, आपण वाळवले तसे शेकोटीजवळ वाळवले, तर असेच तडकते. आत कापडाचे बोळे भरून ते सावलीत वाळवावे आणि सुकत आल्यावर एरंडेलाचा हात फिरवावा. ही सूचना आम्ही जोड्यासोबत लिहून दिली नव्हती, म्हणून या चिरेची जबाबदारीही आपल्यावर टाकत नाही.

नवा जोडा विनामूल्य करून देऊ. त्यासाठी संध्याकाळी, कागदावर उभे राहून दोन्ही पायांची रेघ काढून पाठवावी. बसून काढलेल्या मापात चवडा आवळतो.