टॅन हिल इन एकाकी कधी झाली? एक खुलासा

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या माळावरची, समुद्रसपाटीपासून 1,732 फूट (528 मीटर) उंचीवरची टॅन हिल इन ही पबची इमारत वाटसरूंसाठी ओसाड रानात बांधली, असं सध्या फिरतंय. ते चूक आहे. सध्याची इमारत 17व्या शतकातली. 18व्या शतकात तिचं गिऱ्हाईक म्हणजे आसपासच्या कोळसा खाणींतले कामगार. इथल्या खाणकामाच्या नोंदी तर 1296पर्यंत मागे जातात! इमारतीभोवती खाणकामगारांची घरं होती. 1929मध्ये शेवटची खाण बंद पडली, घरं पाडली गेली, पब तेवढा उरला. पुढे तो तगला शेतकऱ्यांच्या आणि मोटारींतून येणाऱ्यांच्या जिवावर. इथून जाणारी पेनाइन वे ही लांब पल्ल्याची पायवाट 1965मध्ये सुरू झाली, म्हणजे पदयात्री तर फारच उशिराचे.