थरारपटांनी गाळलेले उत्तर आयर्लंड

वादाला तोंड फुटले ते ‘पेट्रियट गेम्स’वरून. मंदारने १९९२ सालचा हा थरारपट नुकताच पुन्हा पाहिला होता आणि शनिवारी ठाण्याच्या तलावपाळीवर आमचा कट्टा जमताच त्याने सांगून टाकले की इतक्या घट्ट पटकथेचा चित्रपट हल्ली निघत नाही. कथेचा सांगाडाही त्याने मांडला: लंडनमध्ये राजघराण्यातल्या एका लॉर्डवर आयरिश अतिरेकी हल्ला करतात, सुट्टीवर आलेला अमेरिकन नायक मध्ये पडतो, त्याच्या गोळीने हल्लेखोरांपैकी एक कोवळा मुलगा मरतो, आणि त्या मुलाचा थोरला भाऊ सूड घेण्यासाठी नायकाच्या कुटुंबाच्या मागे थेट अमेरिकेपर्यंत जातो.

“यात आयर्लंड कुठे आहे?” वैशालीने विचारले. “भाऊ गेला म्हणून पेटून उठलेला माणूस कोणत्याही देशातला असू शकतो. त्याच्या जागी माफियाचा गुंड घातलास तरी पटकथेतला फारसा काही भाग बदलावा लागणार नाही.”

मंदारचे उत्तर तयार होते. चित्रपटातली टोळी ही आयआरए, म्हणजे उत्तर आयर्लंडला ब्रिटनपासून तोडून आयर्लंडला जोडण्यासाठी लढणारी सशस्त्र संघटना, नव्हे; तिच्यातून फुटून निघालेला गट आहे आणि पटकथा तसे स्पष्ट सांगते. आयआरएशी जोडलेल्या शिन फेन या राजकीय पक्षाचा, अमेरिकेत निधी गोळा करणारा माणूसही त्यात आहे, तो या गटाची जबाबदारी झटकतो आणि पुढे नायकाला मदतही करतो. हा मुद्दा रास्त आहे, हे मला मान्य करावे लागले. परंतु फुटीर गटाची ही युक्तीच मला खटकते. आपल्याच माणसांनी टाकून दिलेला माथेफिरू समोर उभा केला की मूळ संघटनेबद्दल काहीच सांगावे लागत नाही. तिला मते कोण देत होते, तिच्या माणसांना घरात कोण लपवत होते आणि तिच्या भीतीने तोंड मिटून कोण बसले होते, हे सगळे प्रश्न पहिल्या अर्ध्या तासातच निकालात निघतात.

सुहासने मग ‘द डेव्हिल्स ओन’ आणला, मार्च १९९७ मधला. “इथे तर अतिरेकीच अर्धा नायक आहे ना? ब्रॅड पिटला घेतले म्हणजे सहानुभूती आलीच. मग एकांगी चित्रण कसे म्हणता?” पण तो चित्रपट सुरू कसा होतो, हे त्यालाच आठवायला सांगितले. १९७२ साल, जेवणाच्या टेबलावर कुटुंब बसलेले, मुखवटा घातलेला माणूस आत शिरतो आणि लहान मुलाच्या डोळ्यांदेखत त्याच्या वडिलांना गोळी घालतो. एका चित्रपटात भाऊ, दुसऱ्यात वडील. एकात अतिरेक्याची घृणा वाटावी आणि दुसऱ्यात कणव, एवढाच फरक. बंदूक हातात येण्याचे कारण दोन्हीकडे घरातले मरण हेच आहे. दोन्हींत समोर हॅरिसन फोर्डच आहे, आणि दोन्ही चित्रपट संपतात ते बोटीवर, अतिरेक्याच्या मृत्यूने. तो मेला की प्रश्नही मिटला, असे समजून प्रेक्षक घरी जातो.

देशमुख सर इतका वेळ ऐकत होते. त्यांनी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला आहे आणि कट्ट्यावर ते उशिरा बोलतात. “माणसे सूडाने पेटली हे खोटे नाही,” ते म्हणाले, “परंतु त्याआधी घरांचा हिशेब बघा.” मग त्यांनी उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहराची गोष्ट सांगितली. तिथे कॅथलिकांची वस्ती निम्म्याहून अधिक, तरीही प्रभागांच्या सीमा अशा आखलेल्या की नगरपालिकेत युनियनिस्टांच्या, म्हणजे ब्रिटनसोबतच राहू पाहणाऱ्या, बहुतांशी प्रोटेस्टंट लोकांच्या, वीसपैकी बारा जागा ठरलेल्या. स्थानिक निवडणुकीत मताचा अधिकार घरमालकाला किंवा मुख्य भाडेकरूला आणि त्याच्या जोडीदाराला. पोटभाडेकरूला नाही, आईबापांकडे राहणाऱ्या सज्ञान मुलालाही नाही. याचा अर्थ असा की नगरपालिकेने एखाद्या कुटुंबाला घर दिले की त्या कुटुंबाला मतेही मिळत, आणि म्हणूनच ते घर कोणाला द्यायचे हे आधी मोजून ठरत असे. जून १९६८ मध्ये टायरोन परगण्यातल्या कॅलेडन गावात मुलेबाळे असलेली कॅथलिक कुटुंबे ताटकळत असताना एकोणीस वर्षांच्या एका अविवाहित प्रोटेस्टंट तरुणीला सरकारी घर मिळाले, तेव्हा ऑस्टिन करी हे आमदार निषेध म्हणून त्या घरात जाऊन बसले. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला डेरीतल्या नागरी हक्कांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. पुढच्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश लष्कर रस्त्यावर आले आणि वर्ष संपता संपता आयआरए फुटून तिच्यातून ‘प्रोव्हिजनल’ गट उभा राहिला. “म्हणजे मागणी घराची आणि मताची होती,” सर म्हणाले, “बंदूक नंतर आली. तुमच्या चित्रपटात ती पहिल्याच दृश्यात आहे.”

मंदार आता चिडला, आणि त्याचा राग मला समजला, कारण त्यात तथ्य होते. “सर, तुम्ही घरांची यादी वाचलीत की ऐकणारा नकळत मान डोलावतो. २१ जुलै १९७२ ला बेलफास्टमध्ये सव्वा तासाच्या आसपास वीसएक बॉम्ब फुटले, नऊ माणसे मेली. १९८७ मध्ये एनिस्किलनला युद्धातल्या मृतांच्या स्मारकापाशी जमलेल्या लोकांजवळ बॉम्ब फोडला, अकरा जण गेले. त्यांना घरवाटपाशी काय घेणे होते? कारण समजावून सांगता सांगता माणूस कधी समर्थन करू लागतो ते त्याचे त्यालाही कळत नाही. त्यापेक्षा खलनायकाला खलनायक म्हणणारा चित्रपट बरा.”

यावर सुहास जे बोलला ते मला त्या संध्याकाळचे सर्वांत नेमके बोलणे वाटते. त्याचे म्हणणे असे की अन्याय सोसलेल्या बहुसंख्य कॅथलिकांनी बंदूक उचललीच नाही. जॉन ह्यूम त्याच डेरीचे, तेच मोर्चे काढलेले, आणि संघर्षाच्या सगळ्या वर्षांत त्यांच्या एसडीएलपी या अहिंसक पक्षाला उत्तर आयर्लंडमधल्या निवडणुकांत शिन फेनपेक्षा अधिक मते पडत राहिली. घरांची कहाणी पूर्ण सांगितली तर आयआरएचे समर्थन होत नाही, उलट तिला विचारता येते की त्याच गल्लीतल्या शेजाऱ्याने दुसरा मार्ग धरला असताना तू हा का धरलास. सूडाच्या कथेत हा प्रश्न उरतच नाही, कारण वडिलांना मरताना पाहिलेल्या मुलापुढे निवड होती असे प्रेक्षकाला वाटत नाही.

वैशालीने त्याला आणखी एक बाजू जोडली. ही संघटना ज्यांच्या नावाने लढत होती त्यांच्याशीच कशी वागली, हेही थरारपटात येत नाही. आयआरएने आपल्याच वस्त्यांमध्ये पोरांच्या गुडघ्यांत गोळ्या घातल्या. डिसेंबर १९७२ मध्ये दहा मुलांच्या एका विधवा आईला खबरी ठरवून बेलफास्टच्या घरातून नेले आणि तिचे अवशेष मिळायला २००३ साल उजाडावे लागले. दुसरीकडे, संघटनेतले खबरी हुडकणाऱ्या विभागात ब्रिटिश लष्कराचाच हस्तक वर्षानुवर्षे बसलेला होता. चित्रपटातला अतिरेकी परक्यांना मारतो, म्हणून तो थरारक वाटतो. खऱ्या अतिरेक्याचा शेजार किती भयंकर असतो, ते तिथे कळत नाही. माझ्या मते या सोपेपणाचा सर्वांत मोठा फायदा अशा संघटनांनाच होतो, कारण त्यांना स्वतःबद्दल नेमकी हीच देखणी, एकाकी, सूडाने जळणारी प्रतिमा हवी असते.

आणि मते? आयआरएचा कैदी बॉबी सँड्स तुरुंगात उपोषण करत असताना ९ एप्रिल १९८१ रोजी खासदार म्हणून निवडून आला, ३०,४९२ मते मिळवून. ५ मे रोजी तो उपोषणातच गेला. त्याच्यामागोमाग आणखी नऊ कैदी गेले. ही तीस हजार माणसे सगळीच बॉम्बच्या बाजूची नव्हती, सगळीच विरोधातलीही नव्हती. थरारपटाला त्यांचे काय करावे ते सुचत नाही.

“मग चित्रपट काढायचा कसा?” मंदारने विचारले. “दोन तासांत शेवट तर हवा.” सरांनी त्याला त्याच्याच चित्रपटाकडे परत नेले. राजघराण्यावरचा हल्ला खरोखर झाला होता. २७ ऑगस्ट १९७९ रोजी आयर्लंडच्या मुलाघमोर किनाऱ्यावर आयआरएने लॉर्ड माउंटबॅटन यांची बोट बॉम्बने उडवली. भारताचे ते अखेरचे व्हाइसरॉय. आपल्याकडेही तेव्हा दुखवटा पाळला गेला होता. त्यांच्यासोबत त्यांचा चौदा वर्षांचा नातू गेला, बोटीवर काम करणारा पंधरा वर्षांचा स्थानिक मुलगा गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीच्या वृद्ध सासूबाईही गेल्या. या कटात दोषी ठरलेल्या माणसाला जन्मठेप झाली आणि १९९८ च्या गुड फ्रायडे करारानुसार, म्हणजे हा संघर्ष थांबवणाऱ्या शांतता करारानुसार, तो त्याच वर्षी सुटला. त्या करारामुळे दोन वर्षांत दोन्ही बाजूंचे चारशेहून अधिक कैदी बाहेर आले. २०१२ साली बेलफास्टमध्ये राणी एलिझाबेथने मार्टिन मॅगिनेस यांच्याशी हस्तांदोलन केले. कधीकाळी आयआरएचा म्होरक्या असलेला हा माणूस तेव्हा उत्तर आयर्लंडचा उपमुख्यमंत्री होता.

“हा शेवट कोणी दाखवणार नाही,” मंदार म्हणाला, “आणि खरे सांगू का सर, मला तो बघवणारही नाही. नातवाला मारणारा माणूस एकोणीस वर्षांत घरी जातो, याला न्याय कसे म्हणायचे?”

वैशालीचे म्हणणे पडले की न्याय म्हणूच नये. सुमारे साडेतीन हजार माणसे मेल्यानंतर पुढचे मरण थांबवण्याची ती किंमत होती आणि ती मारलेल्यांच्या नातेवाइकांकडून वसूल केली गेली, हे उघड बोलावे. सुहासला तेही पटले नाही. १९९८ मध्येच १५ ऑगस्टला, करार झालेला असतानाही, ओमा गावात ‘रिअल आयआरए’च्या बॉम्बने २९ जणांचा बळी घेतला, याची त्याने आठवण करून दिली; मंदारच्या चित्रपटातला फुटीर गट अखेर खराच निघाला की, असेही तो म्हणाला. सरांनी ते नाकारले नाही. फक्त एवढेच म्हणाले की त्या बॉम्बनंतर करार मोडला नाही आणि तो का मोडला नाही, ते समजून घ्यायचे असेल तर मतदारांकडे पाहावे लागेल, कारण त्याच वर्षी २२ मे रोजी उत्तर आयर्लंडमधल्या ७१ टक्के मतदारांनी त्याला होकार दिला होता. कैद्यांच्या सुटकेवर मात्र आमचे एकमत झाले नाही, आणि मंदार अजूनही वैशालीशी त्यावरच भांडतो आहे.