दोष सेन्सरचा की जागेचा?

"दिवे आपोआप लागावेत-विझावेत म्हणून आधी पीआयआर (शरीराची उष्णता टिपणारा सेन्सर) लावला तर संडासात बसलेल्या माणसावर अंधार, तो काढून मायक्रोवेव्ह (लहरी सोडून हालचाल टिपणारा सेन्सर) लावला तर दिवे रात्रभर चालू. सेन्सर हे थोतांड आहे, वॉचमनने बटण दाबलेलं बरं," असं तुम्ही लिहिलंय. वैताग रास्त आहे. पण दोन्ही सेन्सरनी आपलं काम चोख केलं, म्हणूनच हे झालं.

पीआयआरला माणूस कळत नाही. भिंगाच्या एका पट्ट्यातून दुसऱ्यात उष्णता सरकली, एवढंच कळतं, आणि काच किंवा प्लायवूडच्या पलीकडचं तर काहीच नाही. तुमचा सेन्सर प्रवेशदारावर आहे. कडी लावलेल्या कप्प्यात त्याने पाहायचं कसं? तिथे छतावरचा, 360 अंशांचा हवा. पार्टिशन छताला भिडलेली असतील तर प्रत्येक कप्प्याला वेगळा. पाकिटावर लिहिलेला सहा मीटरचा घेर चालणाऱ्या माणसासाठी असतो, बसलेल्यासाठी निम्माच धरा. शिवाय टाइमचा स्क्रू, म्हणजे हालचाल थांबल्यावर दिवा किती वेळ चालू राहावा ते ठरवणारा, बघा. चाचणीसाठी वायरमन तो दहा सेकंदांवर आणतो आणि तसाच सोडून जातो! दहा ते पंधरा मिनिटांवर ठेवा. ईसीबीसी 2017 (इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन संहिता) मध्येही माणूस गेल्यावर 15 मिनिटांच्या आत दिवे बंद व्हावेत, एवढीच अपेक्षा आहे.

मायक्रोवेव्हचं उलट. त्याच्या 5.8 गिगाहर्ट्झच्या लहरी दार, काच, जिप्सम बोर्ड सगळं ओलांडतात. पॅसेजमधून जाणारा माणूस, पीव्हीसी पाइपातलं वाहतं पाणी, फिरणारं पातं, त्याला सारखंच. एक्झॉस्ट फॅन सेन्सरच्याच लाइनवर जोडलाय का, हे आधी तपासा. तसं असेल तर दिवा लागला की पंखा फिरतो, पंखा फिरतो म्हणून दिवा विझत नाही. पंखा वेगळ्या स्विचवर घ्या आणि सेन्स (सेन्सरची संवेदनशीलता) कमी करा. तरीही तो पातं टिपत असेल, तर मुकाट पीआयआरकडे परत या.

तिसरा सेन्सर टिचकी मारल्यावरच बंद होतो म्हणता, म्हणजे रिलेचे, म्हणजे आतल्या स्विचचे, पॉइंट चिकटलेत. त्यावर छापलेले 1200 वॅट पिवळ्या बल्बचे असतात. वीस एलईडी ट्यूब म्हणजे 400 वॅटच, पण चालू होताना सगळ्या ड्रायव्हरचे (ट्यूबला वीज पुरवणाऱ्या सर्किटचे) कपॅसिटर एकदम करंट ओढतात आणि पॉइंट चिकटतात. मध्ये कॉन्टॅक्टर (कॉइलवर चालणारा दणकट स्विच) टाका. सेन्सरने फक्त त्याची कॉइल ओढावी.

एका मुद्द्यावर मात्र तुमचं बरोबर आहे. जिन्यातला 9 वॅटचा एकच बल्ब रोज दहा तास बंद ठेवून वर्षाला जेमतेम 33 युनिट वाचतात. दहा रुपये युनिट धरलं तरी 330 रुपये. तिथे सेन्सर आणि वायरमनची मजुरी निघायला दोन-तीन वर्षं जातील, तेव्हा वॉचमनचं बटणच ठीक.