गाडी भरतानाच बघा

पेपरात वाक्य ठरलेलं असतं, "चालकाचा ताबा सुटल्याने ट्रक उलटला." 22 वर्षं हुंडेकरी म्हणून, म्हणजे मालासाठी ट्रक ठरवून द्यायचं काम करतोय, तरी हे वाक्य वाचलं की आजही राग येतो. कारण ताबा सुटायची तयारी बऱ्याचदा आदल्या दिवशी माल भरतानाच झालेली असते.

परवा कळंबोलीच्या लोखंड बाजारात एक गाडी निघताना बघितली. पत्र्याची अवजड कॉइल म्हणजे गुंडाळी, खाली दोन लाकडी गुटके, वरून एकच साखळी. मी थांबवली, तर भरून घेणारा पोरगा म्हणाला, "काका, चाकणपर्यंतच जायचंय." अरे, पण मध्ये बोरघाट आहे ना! चढाला ती कॉइल मागे सरकणार आणि जोरात ब्रेक मारला की थेट केबिनवर येणार. केबिनमध्ये दोन माणसं बसलेली असतात. अर्धा तास मोडला, पण दोन्ही बाजूंनी गुटके ठोकून आणखी दोन साखळ्या आवळल्यावरच गाडी सोडली.

घाट उतरताना न्यूट्रल करण्याची सवय तर जीवघेणी आहे. न्यूट्रल केलं की गाडीचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो, ब्रेकचे लायनर तापतात आणि पकड जाते. मग बातमीत येतं "ब्रेक फेल". यातून डिझेलही वाचत नाही. आताच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये उतरत असताना पाय काढला की डिझेल आपोआप बंद होतं, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर.

आणि झोप. मोटार वाहतूक कामगारांसाठी 1961 च्या कायद्यातच दिवसाला 8 तास ठरवले होते. प्रत्यक्षात गाडी सकाळी 9 ला कारखान्याच्या गेटवर लागते, भरून रात्री 10 ला सुटते आणि पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, माल सकाळी हवा असतो. ते 13 तास ताटकळत बसणं कुणी काम म्हणून धरतच नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका ड्रायव्हरला पहाटे डुलकी लागली, गाडी दुभाजकावर गेली, पाय मोडला. पार्टीचा पहिला प्रश्न होता, "माल कसा आहे?" तो फोन मी विसरलेलो नाही.

माल पाठवणाऱ्यांनी बिल्टीही, म्हणजे माल दिल्याची वाहतूकदाराची पावती, नीट वाचावी. 2007 च्या रस्ते मालवाहतूक कायद्याखालच्या नियमांनुसार, जादा जोखमीचा दर (जास्त भरपाईसाठी मोजायचं जादा भाडं) लेखी ठरवलेला नसेल तर मालाच्या नुकसानीची वाहतूकदाराची जबाबदारी साधारण भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. म्हणजे भाडं 18,000 असेल तर 1,80,000, मग आत 12 लाखांचा माल का असेना. विमा वेगळा उतरवावाच लागतो. पण त्यातून मोडलेला पाय भरून येत नाही.

गेल्या वर्षीपासून आमच्याकडे एक नियम आहे. दिवसभर गेटवर थांबलेला ड्रायव्हर रात्री गाडी काढत नाही. आधी झोपतो, मग उजाडल्यावर निघतो. ह्यापायी 9 वर्षं काम देणारी एक पार्टी तुटली. वाईट वाटलं, पण नियम तसाच ठेवलाय.