मुलींना गेममध्ये रस नाही म्हणे!

सकाळी एका शाळेच्या ग्रुपवर 'गेममधून कोडिंग' स्पर्धेचे फोटो आले. पहिले तिन्ही नंबर मुलांचे. त्याचं काही नाही, जिंकली पोरं, कौतुकच. पण खाली ओळ होती: 'मुलींना गेममध्ये मुळात रस कमी असल्याने त्यांचा प्रतिसाद अल्प राहिला.' डोकंच फिरलं. शाहूंच्या कोल्हापुरात बसून ही ओळ लिहायची आणि वर हात जोडलेली इमोजी टाकायची!

स्पर्धा कशी होती ते बघा. स्क्रॅचमध्ये (तयार ब्लॉक एकमेकांना जोडून प्रोग्रॅम करायचं मुलांचं सॉफ्टवेअर) गाडीचा गेम, एका मशीनवर दोघं, ३५ मिनिटं, आधी पूर्ण करेल त्याला जास्त गुण. आता सांगा, यात प्रोग्रॅमिंग कुठे मोजलं? मोजलं ते एवढंच, की घरात संध्याकाळी मोबाईल कुणाच्या हातात असतो आणि लॅबमध्ये माऊस कोण आधी पकडतो.

नववीच्या एका लॅबमधली जोडी डोळ्यापुढून जात नाही. माऊस मुलाकडे, मुलगी शेजारी स्टुलावर, वही मांडीवर. गाडी दगडाला एकदाच लागायची आणि तिन्ही 'लाइव्ज' एका फटक्यात शून्य. पोरगा दगड लहान करून बघतोय, वेग कमी करून बघतोय. मुलगी दोनदा म्हणाली, "अरे, ते सारखं सारखं मोजतंय." ऐकतोय कोण?

ती शंभर टक्के बरोबर होती. स्क्रॅचचं 'फॉरएव्हर', म्हणजे आत ठेवलेलं काम न थांबता परत परत करणारा ब्लॉक, सेकंदाला साधारण ३० वेळा फिरतं. त्याच्या आत 'दगडाला टेकली तर लाइव्ज उणे १' एवढंच ठेवलं, तर गाडी अर्धा सेकंद दगडावर राहिली तरी पंधरा वेळा वजाबाकी होते. ३ लाइव्ज सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यातच खलास. उपाय सोपा आहे: वजाबाकीनंतर लगेच 'वेट अनटिल' लावायचं, दगडापासून सुटेपर्यंत थांब. आणि ही तपासणी हिरव्या झेंड्याखाली (गेम सुरू करायचं बटण) ब्लॉकच्या वेगळ्या माळेत ठेवायची. गाडी चालवणाऱ्या माळेतच चिकटवली तर 'वेट' गाडीलाही धरून ठेवतं, गाडी दगडावरच रुतते आणि गेम तिथेच गोठतो. पोरं मग कॉम्प्युटर हँग झाला म्हणतात.

म्हणजे त्या जोडीतलं प्रोग्रॅमिंग स्टुलावर बसलं होतं. गुण माऊसला मिळाले.

ग्रीसमध्ये ८८ विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २००९ साली छापून आला. विषय कोडिंग नव्हता, कॉम्प्युटरची मेमरी होता, पण शिकवलं गेममधूनच. मुलांना गेमची सवय जास्त, आवड जास्त, विषयाची आधीची माहितीही जास्त. तरी गेममधून नवं किती शिकले, यात मुलगे-मुलींत लक्षणीय फरक निघाला नाही. सवय वेगळी आणि शिकणं वेगळं, एवढं समजायला ग्रीसला जायची गरज नाही म्हणा.

हो, काही मुलींना गेमचा खरंच कंटाळा येतो. काही मुलांनाही येतो, त्यांच्यावर कुणी ओळ लिहीत नाही.

शिक्षकांना शिव्या घालायला ही पोस्ट नाही. वर्गात पन्नास पोरं, चालू मशीन बारा, त्यातल्या दोघांचा यूपीएस गेलेला, आणि कॉम्प्युटरचा तास घेणारे सर गणिताचे. अशात जोड्या लावणं भागच आहे. फक्त माऊसची अदलाबदल घड्याळावर करा, हातजोडून विनंती. ३५ मिनिटांच्या तासात मशीन सुरू व्हायला पाच-सात मिनिटं जातात, उरलेल्यात ७-७ मिनिटांच्या चार पाळ्या बसतात. टाळी वाजली की ब्लॉक अर्धा असला तरी माऊस सोडायचा. 'तुझं झालं की तिला दे' हे चालत नाही, कारण त्याचं कधी होतच नाही. ज्याच्याकडे माऊस नाही त्याने तोंडाने सांगायचं, स्क्रीनवर बोट दाखवायचं, पण माऊसला हात लावायचा नाही. पहिले दोन-तीन तास गोंधळ होतो, पोरं कुरकुरतात, मग अंगवळणी पडतं.

आणि तो विषय! दरवेळी गाडी नाहीतर पेनल्टी शूटआउट. फुटबॉल आपल्या पेठांचा जीव आहे, मान्य, राहू द्या तोही. पण पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी का नको? ३९ फूट इशारा, ४३ धोका, हे आकडे इथल्या पोराटोरांना पाढ्यासारखे पाठ. पाणी २० फुटांपासून सुरू करा, दर सेकंदाला २ फूट चढवा आणि धोक्याच्या भोंग्याला अट लिहा 'पातळी = ४३'. भोंगा वाजतच नाही! पाणी ४२ वरून थेट ४४ वर जातं, ४३ येतच नाही. मग पोरं 'पेक्षा मोठं'च्या खुणेवर येतात आणि दुसरा खड्डा लागतो: आधी ३९ ची अट तपासली आणि ४३ ची तिच्या 'एल्स'मध्ये ('नाहीतर'च्या भागात) टाकली, तर धोक्याचा भोंगा तरीही मुका. ४४ हे ३९ पेक्षा मोठंच, त्यामुळे 'एल्स'पर्यंत प्रोग्रॅम जातच नाही. मोठा आकडा आधी तपासायचा. हे एकदा पुराच्या गेममध्ये कळलं की फळ्यावर 'इफ-एल्स'ची ('जर-नाहीतर'ची) व्याख्या लिहायची गरज राहत नाही.

लगेच कुणी मुलींसाठी गुलाबी राजकन्येचा गेम काढू नका. अमेरिकेत संशोधक केटलिन केलेहर यांनी 'ॲलिस' या प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गोष्ट रचायची सोय घातली, तेव्हा वेळ संपल्यावरही गुपचूप प्रोग्रॅम करत राहिलेल्या मुली ५१ टक्के निघाल्या, साध्या ॲलिसमध्ये १६. सोय पात्रांना बोलायची, वागायची होती. रंगाची नव्हती.

स्पर्धा घ्यायचीच असेल तर (काही मुली चुरशीनेच पेटतात, तेही खरं) बिघडलेला गेम द्या. बिघाड शोधून दुरुस्त करायला ४ गुण, तो का झाला हे एका वाक्यात लिहायला ६. वाक्य दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहायचं. 'ते सारखं सारखं मोजतंय' हे तसलंच वाक्य आहे, सहापैकी सहा. आणि सगळ्यांना दिसणारा 'कोण पुढे'चा तक्ता भिंतीवरून काढा. पहिल्या दहा मिनिटांत तळाला नाव दिसलं की कुणीही माऊस शेजाऱ्याला देऊन टाकतो.

बंधाऱ्याचा गेम चार बिघाड घालून तयार करून ठेवलाय. वर सांगितलेले दोन, शिवाय हिरव्या झेंड्यावर पातळी परत २० करायची राहिलेली, आणि एक 'इफ' मुद्दाम 'फॉरएव्हर'च्या बाहेर, म्हणजे तो सुरुवातीला एकदाच तपासतो आणि झोपतो. स्क्रॅच ३ ऑफलाइन टाकलेलं असेल तर नेट लागत नाही. ज्या सर-मॅडमना हवा असेल त्यांनी पेनड्राइव्ह घेऊन या, फाइल २ एमबीचीही नाही. फोटोखाली ती ओळ लिहिणाऱ्यांनी तर याच.