वर्ल्डकप भरवायचाय? मग हे वाचाच

मंडळी, आपल्या गावात फुटबॉलची मोठी स्पर्धा भरवायची हौस आहे ना? मग घ्या लिहून.

आधी स्टेडियम बांधा, तेही अवाढव्य. तिथे फुटबॉल कोण खेळतं असले फालतू प्रश्न विचारू नका. ब्राझीलने 2014 साली पार ॲमेझॉनच्या जंगलात, मानाउसला, चाळीसेक हजार खुर्च्या मांडल्या. वर्ल्डकपचे सामने झाले चार. राजधानी ब्राझिलियातल्या स्टेडियमपाशी तर पुढच्याच वर्षी सिटी बसगाड्या लावायला लागले. आपल्याकडे पार्किंगची बोंब आहेच, तेव्हा नकाशात आत्ताच दाखवून टाका.

कतारसारखा वेडेपणा नको. कंटेनर रचून ‘स्टेडियम 974’ उभारलं, तेही स्पर्धेनंतर मोडायचं असं आधीच ठरवून! मोडलं तर देखभालीचं टेंडर कशाचं काढणार?

मॅस्कॉट गोंडस हवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, खेळणाऱ्याला आत घेऊ नका. आमच्या भागातल्या मैदानावर हे फार छान जमवलंय. परवा रविवारी पोरांना घेऊन गेलो. वॉचमन म्हणाला, “काका, आज रिसेप्शन आहे.” बरं, उद्या? “उद्या मांडव काढतील.” परवा? “गवताला पाणी मारायचंय. तुम्ही ऑफिसातून लेटर आणा ना.” ऑफिसात गेलो, तर साहेब मीटिंगला. मग काय, टर्फ! तासाचे पैसे मोजा, दहा वर्षांच्या पोरांनी वर्गणी काढा आणि जाळीच्या पिंजऱ्यात खेळा.

15 सप्टेंबर 2017 ला, सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपच्या तोंडावर, राज्यात दहा लाख पोरांना एकाच दिवशी फुटबॉल खेळवायचा घाट घातला होता. फोटो झकास आले. 16 तारखेला पोरांनी कुठे खेळायचं?

पुण्याला सवय आहे म्हणा. बालेवाडीत 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धा झाल्या, 2008 ला युवा राष्ट्रकुल, 2022 ला महिला आशियाई चषकाचे सामने. तिथे खेळणाऱ्या एफसी पुणे सिटी या फुटबॉल क्लबने मधेच, 2019 ला, गाशा गुंडाळला. आपण पुढच्या उद्घाटनाची वाट बघतोय.

बास झालं आता. अहो, लग्नं लावायला पुण्यात कार्यालयं कमी आहेत का? यजमानपदाच्या गप्पा मारता आणि रविवारी सकाळी दोन तास मैदान देता येत नाही? लाज वाटू द्या जरा. सहाला गेट उघडा. त्याआधी मांडवाचे खिळे वेचायला माणूस लावा, अर्धी पोरं अनवाणी खेळतात.